'कोलंबो'चा खरा पायलट कोणता? (आणि पडद्यामागच्या गोष्टी)

धुरकट चष्मा
'कोलंबो' म्हणजे पीटर फॉकने गाजवलेली अमेरिकी टीव्ही मालिका, खुन्यांना पकडणाऱ्या एका पोलीस लेफ्टनंटची. तिचा पायलट (मालिका काढायची का हे ठरवण्यासाठी आधी केलेला नमुना) म्हटलं की सगळे 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर'चं नाव घेतात. एनबीसी वाहिनीवर २० फेब्रुवारी १९६८ ला दाखवलेला टीव्हीपट, रिचर्ड आयर्विंगने दिग्दर्शित केलेला. परवा तो पुन्हा सलग पाहिला आणि बऱ्याच गोष्टी नव्याने दिसल्या. पीटर फॉकचे केस चक्क विंचरलेले आहेत. ती जुनाट प्यूजो गाडी नाही, कुत्राही नाही. बोलण्यात एक धार आहे, आणि एका प्रसंगात तर तो चक्क आवाज चढवतो. पुढच्या भागांतला गोंधळलेला, खिसे चाचपत फिरणारा लेफ्टनंट इथे अर्धाच तयार झालाय.
मग अर्धाच असेल तर त्याला पायलट म्हणायचं का? तसं पाहिलं तर हे पात्र टीव्हीवर १९६० मध्येच येऊन गेलं होतं, फॉकशिवाय. आणि मालिका सुरू झाली ती १९७१ मध्ये, आणखी एका टीव्हीपटानंतर. माझं मत अजूनही १९६८ लाच आहे, कारण खुनी आणि लेफ्टनंट समोरासमोर बसण्यातली सगळी गंमत तिथे पूर्ण आहे. तुम्ही कोणता धरता? पडद्यामागचं जे काही माहीत असेल तेही येऊ द्या.

मध्यरात्रीचा प्रेक्षक
पहिला! 'मर्डर बाय द बुक', १५ सप्टेंबर १९७१. दिग्दर्शक २४ वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग, लेखक स्टीव्हन बोच्को. सुरुवातीची टाइपरायटरची खटखट ऐकली की विषय संपला.

काळी मांजर
तो मालिकेचा पहिला भाग झाला, पायलट कसा? पण टाइपरायटरच्या खटखटीला अनुमोदन. बाहेरची गाडी दिसते तेव्हाही तीच खटखट चालू राहते आणि दुसरा कुठलाच आवाज नाही. अंगावर काटा येतो.

तिसरी घंटा
मस्त धागा. नाटकाबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून सविस्तर लिहिते.
१९६८ चा टीव्हीपट त्याच नावाच्या नाटकावरून आला. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे दोघे फिलाडेल्फियाचे शाळासोबती. शाळेत भेटले तेव्हापासून एकत्रच लिहीत होते. आधी त्यांची एक कथा आल्फ्रेड हिचकॉकच्या नावाने निघणाऱ्या रहस्यकथांच्या मासिकात १९६० मध्ये आली. तिच्यात कोलंबो नव्हताच. त्या कथेच्या आधाराने त्यांनी टीव्हीसाठी 'इनफ रोप' लिहिलं, आणि ३१ जुलै १९६० ला 'शेव्ही मिस्ट्री शो'मध्ये बर्ट फ्रीड हा पहिला लेफ्टनंट कोलंबो झाला. मग त्याचंच नाटक. १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या करन थिएटरमध्ये ते लागलं. बायकोचा खून करणारा डॉक्टर झाला जोसेफ कॉटन, त्याची बायको ॲग्नेस मूरहेड, आणि कोलंबो थॉमस मिचेल.
मिचेल तेव्हा सत्तरीला टेकलेला. 'गॉन विथ द विंड'मध्ये स्कार्लेटचे वडील झालेला तोच, 'स्टेजकोच'साठी ऑस्कर मिळवलेला. नाटकाचा नायक खरं तर खुनी डॉक्टर. पोलीस दुय्यम. पण हा म्हातारा नट रंगमंचावर आला की प्रेक्षक त्याच्याकडेच बघायचे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. म्हणजे कोलंबोला पहिल्यांदा लोकांचं प्रेम मिळवून दिलं ते मिचेलने, आणि त्याचं काम आता कुणालाच पाहता येणार नाही. नाटकवाल्यांना हे दुःख नवं नाही, तरी इथे जास्त लागतं.
आणि ते प्रसिद्ध 'जस्ट वन मोर थिंग'सुद्धा नाटक लिहितानाच आलं. एक प्रवेश तोकडा झाला होता. कोलंबो निघून गेलेला आणि पान टाइप झालेलं. पूर्ण प्रवेश पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी त्याला दारातून परत आत आणलं: अजून एक विचारायचं राहिलं! ही गोष्ट लिंकने स्वतः सांगितलेली आहे.

पुरावा नंबर चार
कंटाळ्याने जगाला दिलेली सर्वोत्तम देणगी. _/\_

शंकेखोर
तिसरी घंटा, प्रतिसाद आवडला. पण 'कंटाळा आला म्हणून झालं' यावर मी थांबणार नाही. टाइप करायचा कंटाळा हजारो लेखकांना येतो. त्या दोघांनी ते वाक्य ठेवलं, पुन्हा वापरलं, आणि त्यामागचं तंत्र त्यांना कळलं होतं, ही खरी गोष्ट. खुन्याने नुकताच सुटकेचा श्वास सोडलेला असतो. दार बंद होणार म्हणून चेहऱ्यावरचा ताण उतरलेला असतो. नेमक्या त्या क्षणी प्रश्न येतो. खरी चौकशी तिथेच होते, आधीचा अर्धा तास नुसती मशागत. हे अपघाताने सापडलं असेल, पण पुढे वापरलं ते पूर्ण जाणून.

तिसरी घंटा
@शंकेखोर, पूर्ण सहमत. रंगमंचावर तर ते आणखी चालत असणार, कारण एक्झिट झाली की प्रेक्षकही सैलावतात. एकाच वाक्यात खुनी आणि प्रेक्षक दोघेही पकडले जातात.

रिळांचा डबा
निवडीची गोष्ट राहिली. १९६८ च्या टीव्हीपटासाठी लेखकांच्या मनात फॉक नव्हताच. त्यांना वयस्क माणूस हवा होता, मिचेलच्या वळणाचा. पहिली पसंती ली जे. कॉब. तो मोकळा नव्हता. मग नाताळच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेला गायक-नट बिंग क्रॉस्बी! त्यानेही नकार दिला. फॉकच्या हातात संहिता पडली आणि त्याने स्वतःहून ही भूमिका मागितली. तो तेव्हा चाळिशीचा. लेखकांना तो फारच तरुण वाटला होता.
तोवर फॉक काही नवखा नव्हता. 'मर्डर, इन्क.' आणि 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' या चित्रपटांसाठी लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर नामांकन. टीव्हीवरच्या कामासाठीचं एक एमीही मिळालेलं. त्याआधीचा प्रवास आणखी विलक्षण: मर्चंट मरीनमध्ये जहाजावर स्वयंपाकी, मग लोकप्रशासनातली पदव्युत्तर पदवी, मग कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात नोकरी. सरकारी कचेरीत बारकाईने कागद तपासणारा माणूस पुढे लेफ्टनंट कोलंबो झाला, हे मला फार आवडतं.

मध्यरात्रीचा प्रेक्षक
बिंग क्रॉस्बी?? म्हणजे प्रत्येक खुन्याला नाताळचं गाणं ऐकवून कबुलीजबाब घेतला असता.

पुरावा नंबर चार
हहपुवा. आणि दारातून परत येऊन 'अजून एक कडवं राहिलं'!

काळी मांजर
रेनकोटबद्दल लिहू द्या, माझा आवडता विषय. तो कोट वेशभूषा विभागाचा नाही, फॉकचा स्वतःचा आहे. न्यूयॉर्कला ५७ व्या रस्त्यावर चालताना पाऊस आला म्हणून त्याने दुकानात शिरून विकत घेतला होता. लॉस एंजेलिसच्या कोरड्या हवेत हा माणूस पावसाळी कोट घालून फिरतो, आणि एवढ्यावरच समोरच्याच्या मनात त्याची किंमत अर्धी होते. कपडे, बूट, टाय याबाबत फॉकचं सगळं ठरलेलं असायचं. स्टुडिओने काढून ठेवलेले नीटनेटके कपडे त्याला नको होते.
गाडीही त्यानेच निवडली. युनिव्हर्सलच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांमधून ती मरगळलेली प्यूजो ४०३ त्याने हेरली. कुत्र्याला मात्र त्याचा विरोध होता. त्याचं म्हणणं, कोट आहे, सिगार आहे, गाडी आहे, लकबी पुरे झाल्या. मग १९७२ च्या 'एट्यूड इन ब्लॅक'साठी तो झोपाळू बॅसेट हाउंड समोर आणला आणि फॉक विरघळला. असा निरुत्साही कुत्रा कोलंबोचाच असू शकतो.

रिळांचा डबा
@काळी मांजर, म्हणूनच १९६८ चा टीव्हीपट मला महत्त्वाचा वाटतो. त्यात फक्त कोट आणि सिगार आहेत. बाकीचा थर नंतर चढलाय. ज्याला मूळ पात्र बघायचंय त्याने तिथेच बघावं.

उलटतपासणी
अवांतर आहे, पण माहितीचा धागा म्हणून राहवत नाही.
कोलंबोचं पहिलं नाव काय? मालिकेत कुणीच उच्चारत नाही. पण फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या क्षुल्लक माहितीच्या कोशात 'फिलिप कोलंबो' असं छापलं. हे नाव त्याने मुद्दाम रचलेलं होतं. कुणी कोशातून नक्कल केली तर पकडता यावं म्हणून पेरलेला खोटा पुरावा. मग 'ट्रिव्हियल पर्सूट' हा खेळ आला आणि त्यात प्रश्न होता, कोलंबोचं पहिलं नाव? उत्तर: फिलिप. वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला.
खेळवाल्यांनी कोशाचा वापर केल्याचं नाकारलंच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्ही अनेक पुस्तकं चाळून माहिती घेतली, त्यात हेही होतं, आणि माहितीवर कुणाची मालकी नसते. वर्थ हरला, अपिलातही हरला. कायद्याच्या दृष्टीने निकाल मला बरोबरच वाटतो. कोशात तुम्ही एखादी गोष्ट खरी म्हणून छापलीत, तर नंतर 'ती माझी कल्पना होती' असं म्हणून हक्क सांगता येत नाही.
सापळा लावला, सावज अडकलं, तरी खटला हरला. कोलंबोने असा कच्चा खटला कधीच उभा केला नसता.

शंकेखोर
पण 'डेड वेट'मध्ये त्याच्या ओळखपत्रावर 'फ्रँक' असं दिसतं ना? चित्र थांबवून पाहिलं की स्पष्ट वाचता येतं.

उलटतपासणी
दिसतं. पण तेव्हाच्या प्रेक्षकाकडे चित्र थांबवायची सोय कुठे होती? ते वाचलं जावं म्हणून ठेवलेलं नाही. माझ्या लेखी त्याचं पहिलं नाव 'लेफ्टनंट'च.

सावलीचा पाठलाग
पडद्यामागचं सगळं छान चाललंय, पण पायलटमधलं सर्वांत मोठं धाडस कुणी मांडलंच नाही. नायक जवळजवळ अर्धा तास पडद्यावर येतच नाही!
१९६८ चा टीव्ही डोळ्यासमोर आणा. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक धरला नाही तर तो दुसऱ्या वाहिनीवर जातो. आणि इथे डॉक्टर झालेला जीन बॅरी बायकोचा खून आरामात आखतो, तिचा गळा दाबतो, प्रेयसीला बायकोचे कपडे घालून विमानात बसवतो, भांडणाचं नाटक करून तिला उतरवतो आणि एकटा अकापुल्कोला जातो. तिकडून परत घरी येतो तेव्हा कुठे आतल्या खोलीतून लेफ्टनंट बाहेर येतो. खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत. मग बघायचं काय? तर पकडला कसा जातो ते.
ही उलटी रचना काही लेव्हिन्सन-लिंक यांची नाही. आर. ऑस्टिन फ्रीमनने 'द सिंगिंग बोन' या १९१२ च्या कथासंग्रहात ती आधीच केली होती. आणि लेफ्टनंटचा स्वभाव दस्तयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधल्या पोर्फिरी पेत्रोविचचा. गप्पा मारत, स्वतःला कमी लेखत, समोरच्याला खेळवत राहणारा तपास अधिकारी. लेखकांनी हे ऋण उघडपणे मान्य केलंय. पण कादंबरीतली ही चाल टीव्हीवर आणून नायकाची एंट्री इतकी लांबवायची, याला छाती लागते. मला वाटतं हे नाटकामुळे जमलं. नाटकात पहिला प्रवेश गुन्ह्याचा, दुसरा तपासाचा हे चालून जातं. टीव्हीसाठी पहिल्यापासून लिहिलं असतं तर कुणीतरी वरिष्ठाने हट्टाने लेफ्टनंटला दुसऱ्याच मिनिटाला आणलं असतं.

धुरकट चष्मा
@सावलीचा पाठलाग, फारच छान. आणि ती एंट्री किती साधी! संगीताचा धमाका नाही, काही नाही. संगीत तसं डेव्ह ग्रूसिनचं आहे आणि सुंदर आहे, पण त्या क्षणी तो माणूस पाहुण्यासारखा आत येतो.
(पुढे गोष्ट फुटते, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी हा प्रतिसाद ओलांडा.)
डॉक्टर घरी परततो तेव्हा बायकोला हाक मारत नाही. ती घरी असायला हवी ना? ती घरात जिवंत नाही असं त्याला वाटतंय, म्हणून तोंडातून हाक येत नाही. कोलंबो आतून ते ऐकतोय, म्हणजे न मारलेली हाक ऐकतोय. पुढे सामानाचं वजन येतं. जाताना जड होतं, येताना हलकं. विमान कंपनीच्या कागदावर आकडाच आहे. पण मला ती हाक जास्त आवडते. वजनाला डॉक्टर काहीतरी उत्तर देऊ शकतो. हाकेला उत्तर नाही.
आणि सुरुवातीला म्हटलं तो आवाज चढवण्याचा प्रसंग डॉक्टरच्या प्रेयसीबरोबरचा. जोन हडसन, कॅथरिन जस्टिसने केलेली. कोलंबोला कळतं की डॉक्टर फुटणार नाही, ही फुटेल. मग तो तिला अक्षरशः घाबरवतो, की मी तुझ्या मागे लागणार, तू मोडेपर्यंत सोडणार नाही. पुढच्या भागांत तो असा क्वचितच दिसतो.

काळी मांजर
तो प्रसंग मला खटकतो. ती कमकुवत आहे म्हणून तिच्यावर चढायचं? पुढचा कोलंबो ताकदवान, श्रीमंत, गर्विष्ठ माणसांच्या मागे लागतो, म्हणून तो आपला वाटतो. इथे तो फक्त पोलीस वाटतो.

रिळांचा डबा
खटकायलाच हवा. पण तो नसता तर पुढे काय टाकून द्यायचं हे फॉकला कळलं असतं का? मला तो कच्चा भाग म्हणून मोलाचा वाटतो.

काळी मांजर
मोलाचा असेल, पण तिच्या जागी बसून पाहिला तर नाही आवडणार. यावर माझं-तुमचं जमणार नाही. :)

पुरावा नंबर चार
स्पॉयलरची सूचना दिल्याबद्दल धुरकट चष्मा यांचे आभार. मी न ओलांडता वाचलं. आता बघताना कोणी कोणाला हाक मारतं का यावरच लक्ष राहणार.

मध्यरात्रीचा प्रेक्षक
डोळ्याचा किस्सा राहिला की! फॉकचा उजवा डोळा काचेचा होता. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे काढावा लागला. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने बाद दिलं, तेव्हा त्याने डोळा काढून पंचाच्या हातात ठेवला, की घ्या, तुम्हाला जास्त गरज आहे. तो स्वतः हा किस्सा रंगवून सांगायचा. कोलंबो डोळा बारीक करून बघतो त्याचं मूळ इथे आहे.

उलटतपासणी
पंचाच्या निर्णयाविरुद्धचं इतकं प्रभावी अपील मी पाहिलेलं नाही.

शंकेखोर
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९६८ चा टीव्हीपट लोकांना आवडला, तर मालिका १९६८ मध्येच का नाही आली? मधली तीन वर्षं कुठे गेली?

रिळांचा डबा
@शंकेखोर, हाच कळीचा प्रश्न. 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' हा पायलट म्हणून काढलेलाच नव्हता. एक सुटा टीव्हीपट, विषय संपला. वाहिनीला त्यात मालिका दिसली, पण फॉकनेच नकार दिला. त्याने १९६५-६६ मध्ये सीबीएस वाहिनीवर 'द ट्रायल्स ऑफ ओब्रायन' केली होती, वकिलाची भूमिका, आणि ती एकाच हंगामात बंद पडली. दर आठवड्याला नवा भाग या चरकात त्याला पुन्हा जायचं नव्हतं.
तोडगा निघाला तो 'एनबीसी मिस्ट्री मूव्ही'च्या रूपाने. तीन मालिका आळीपाळीने: 'मॅक्लाउड', 'मॅकमिलन अँड वाइफ' आणि 'कोलंबो'. आठवडे फिरते, त्यामुळे एका हंगामात मोजकेच भाग, पण प्रत्येक दीड तासाच्या वेळेचा. फॉकला हे मानवलं. आणि गोष्टीलाही मानवलं. खुनाला निवांत वेळ, तपासाला निवांत वेळ. दर आठवड्याचे तासाभराचे भाग असते तर ही रचना गुदमरून गेली असती.
पण त्याआधी वाहिनीने आणखी एक टीव्हीपट मागितला. तो 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन', १ मार्च १९७१. हा मात्र रीतसर पायलट. म्हणून माझं मत 'रॅन्सम'ला.

सावलीचा पाठलाग
'रॅन्सम'ला मत देणारं कोणीतरी भेटलं! ली ग्रँटने केलेली ती वकीलबाई अजोड आहे. नवऱ्याला गोळी घालते आणि त्याच्या अपहरणाचा बनाव रचते. स्वतः विमान चालवते आणि कोलंबोला आकाशात नेऊन त्याची गाळण उडवते. कम्युनिस्ट ठरवलेल्यांना काम न देण्याच्या हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे ग्रँटला ऐन उमेदीची बारा वर्षं काम मिळालं नव्हतं. त्यानंतरचं हे काम आहे, आणि पडद्यावर तिची भूक दिसते. या भूमिकेसाठी एमीचं नामांकन मिळालं. पुरस्कारही त्याच वर्षी मिळाला, पण दुसऱ्या टीव्हीपटासाठी, 'द निऑन सीलिंग'. स्वतःचीच प्रतिस्पर्धी!

तिसरी घंटा
'रॅन्सम'मध्ये कोलंबो मृदू झालाय हे खरं. पण वाहिनीने कशाला पायलट म्हटलं हा कागदोपत्री मुद्दा झाला. पात्र कुठे जन्मलं हे विचाराल तर मी करन थिएटरच म्हणेन. मत वाया गेलं तरी चालेल.

आजच आलेली
नमस्कार, मी नवीन आहे. मालिका एकदाही पाहिलेली नाही. इतकं वाचून सुरुवात कुठून करू ते कळेना. कोणी एकच नाव सांगाल का?

मध्यरात्रीचा प्रेक्षक
'मर्डर बाय द बुक'!

रिळांचा डबा
'रॅन्सम'. ली ग्रँटसाठी तरी.

धुरकट चष्मा
@आजच आलेली, स्वागत. ही मंडळी तुम्हाला एकच नाव कधीही सांगणार नाहीत. तुम्ही १९६८ चाच आधी बघा, आणि तोही एका प्रसंगासाठी. डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ आहे. तो कोलंबोला समोर बसवतो, बर्बन पाजतो आणि त्याचंच निदान सांगतो: तू हुशार आहेस पण लपवतोस, तुझ्या रूपामुळे लोक तुला कमी लेखतात आणि तू त्याचाच फायदा घेतोस. म्हणजे पुढे इतकी वर्षं चाललेल्या पात्राचं गुपित खुन्याने पहिल्याच वेळी उघड करून टाकलंय. तरी तो सापडतोच! कारण कोलंबो त्याला शांतपणे सांगतो, की खुन्याला शिकायला एकच संधी मिळते, आमचा हा रोजचा धंदा आहे. रिळांचा डबा, वाहिनीचा कागद तुमच्याकडे असू द्या. हा प्रसंग ज्यात आहे तो माझा पायलट.

शंकेखोर
या प्रसंगाच्या जोरावर माझं मत १९६८ ला. पण 'रॅन्सम' बरेच दिवसांत पाहिलेला नाही, तो बघून मग पक्कं सांगतो.

काळी मांजर
बघाच. आणि शेवट ठरतो तो सावत्र मुलीमुळे. तिच्याशी कोलंबो कसा बोलतो ते बघा, आणि जोनचा प्रसंग आठवा. मग माझ्या म्हणण्यावर बोलू.

आजच आलेली
१९६८ चा लावला. वीस मिनिटं झाली, लेफ्टनंट अजून आलेला नाही. डॉक्टर विमानात बसलाय.